गोणपाटावरचा नंदी

गेल्या वर्षीच्या पर्युषण अंकात याच सदरात मी माळ्यावर लिहिले होते. घरातला माळा हा आपल्या परिग्रहाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतो, वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही ती आपली नव्हेच, असा काहीसा त्या लेखाचा सूर होता. त्यावर वाचकांची पत्रे आली. दोघी-तिघींनी माळा रिकामा केल्याचे कळवले आणि मी सुखावले. आज त्याच लेखाला एक पुरवणी जोडावी लागत आहे. ती मला फारशी भूषणावह नाही.

आरंभ मात्र बाजारापासून केला पाहिजे.

आमचे वडनेर हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी ७ होता, आता ४४ झाला आहे. जुनी माणसे अजून ‘सात नंबर’च म्हणतात. इथला आठवडी बाजार कुठल्याही गावच्या बाजारासारखाच आहे. भाजी, मिरची, गूळ, बांगड्या, दोरखंड. त्याच्या अगदी कडेला मात्र एक भंगारवाले भाऊ गोणपाट अंथरून बसतात. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना या गोणपाटाचे हसू येईल. दोन गोणपाटांवर मावेल एवढाच तो पसारा! नळाच्या तोट्या, बिजागऱ्या, फुटक्या कंदिलांचे सांगाडे आणि त्यांच्यामध्ये, कुणी मुद्दाम मांडली नाहीत अशी, जुनी खेळणी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला या खेळण्यांचे फोटो काढण्याचा नाद लागला. विकत घ्यायचे नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. घेतले तर ते माझ्या माळ्यावर जाणार, आणि माळ्याविषयीची माझी मते तुम्हांला ठाऊक आहेतच. फोटोला जागा लागत नाही, त्यावर धूळ बसत नाही, त्याच्या वाटणीवरून भावाभावांत वाद होत नाहीत. अपरिग्रहाशी सुसंगत असा छंद आपण शोधून काढला, असा मला थोडा अभिमानही होता.

फोनच्या कॅमेऱ्याने का होईना, पण तीन वर्षांत या कामाच्या काही गोष्टी मी शिकले. भर दुपारच्या उन्हात पत्र्याचे खेळणे चकाकते आणि त्यावरचे छापील रंग दिसेनासे होतात; म्हणून सकाळी, ऊन तिरपे असताना जावे. डोक्यावर निळी ताडपत्री असेल तर तिची निळाई पांढऱ्या घोड्यावरही उतरते, तेव्हा वस्तू दोन हात बाहेर घेण्याची परवानगी मागावी. उभे राहून वरून फोटो काढला की कोणतेही खेळणे भंगारच वाटते. खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा नेला, तर मुलाला ते जसे दिसत असेल तसे दिसू लागते. आकार कळावा म्हणून शेजारी पाच रुपयांचे नाणे ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तू उलटी करून तिच्या तळाचा, पोटाखालचा फोटो घ्यावा. कारखान्याचे नाव, देशाचे नाव, दुरुस्तीच्या खुणा, मालकाची अक्षरे, वस्तूचे सारे खरे बोलणे तिथे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. त्या काळात तिथून परदेशी गेलेल्या कित्येक खेळण्यांच्या तळाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असे. १९५२ मध्ये तो ताबा संपला आणि शिक्काही संपला. पराभूत देशाच्या इतिहासाचे एक पान असे बाहुल्यांच्या तळव्यांवर छापले गेले.

आमच्या गोणपाटावर जपानी बाहुली कधी आली नाही. पण एकदा एक लहानशी लाकडी गाडी आली होती, कुणा गावच्या वाढयाने केलेली. तिच्या एका चाकाला वायसर म्हणून भोकाचा पैसा ठोकलेला होता. हा भोकाचा तांब्यासारखा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला, महायुद्धात धातूची टंचाई असतानाचा. म्हणजे निदान ते चाक तरी त्या आधीचे नव्हे. कुणी तरी घरातला पैसा मुलाच्या गाडीसाठी दिला, ही गोष्टही त्या चाकात होती. तेव्हा पैशाला किंमत होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते.

दुसऱ्या एका खेपेस वातीवर चालणारी पत्र्याची होडी मिळाली. मिळाली म्हणजे फोटोपुरती मिळाली. आमच्या लहानपणी जत्रेत ती परातीतल्या पाण्यात फटफट आवाज करीत फिरे. आत एक चपटी डबी, तिला मागे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या. खालच्या वातीने डबीतले पाणी तापते, वाफ नळ्यांतले पाणी मागे ढकलते, वाफ निवली की पुन्हा पाणी आत ओढले जाते. एवढेच तिचे यंत्र, पण पुस्तकातले वाफेचे इंजिन मुलांना समजावताना मला या होडीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नव्हता. भाऊंची होडी गंजलेली होती. नळ्यांत माती भरली होती.

याच महामार्गाने दक्षिणेला गेले तर आदिलाबादच्या पुढे निर्मल लागते. तिथले नक्काश कारागीर हलक्या पोनिकी लाकडाची फळे, पक्षी, माणसे करतात आणि ती अशी रंगवतात की लाकडी सीताफळ खऱ्याशेजारी ठेवले तर हात चुकावा. त्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ही फळे आमच्या भागात आणली असणार. रंग उडालेले असे एक लाकडी केळे गोणपाटावर वर्षभर पडून होते. शेवटी कुणी नेले ठाऊक नाही.

आणि एकदा चक्क कॅमेराच आला: आपल्याकडे एके काळी घरोघरी दिसणारा अ‍ॅग्फा क्लिक. एका रिळात बारा चौकोनी फोटो. बारा! मी त्या एका कॅमेऱ्याचेच चौदा फोटो काढले, आणि घरी येऊन मोजल्यावर थोडी ओशाळले. फोटोला जागा लागत नाही हे माझे म्हणणे त्या दिवशी पहिल्यांदा मला डळमळीत वाटले. फोनमध्ये तेव्हा चार हजारांवर छायाचित्रे साठली होती.

भाऊंनी पहिले वर्षभर मला काही म्हटले नाही. मग एका बाजारी, तोटीला घासकागद लावता लावता ते म्हणाले, “बाई, फोटोनं पोट भरत नाई न. तुमी येता, पाऊन तास बसता, गिऱ्हाईक बाजूनं निंगून जाते.”

ते बरोबरच होते. संग्रहालयात आपण तिकीट काढतो. इथे मी फुकट बसत होते, आणि वर त्यांच्या मालाकडे कौतुकाने पाहते म्हणून स्वतःला चांगली समजत होते. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. दर बाजारी त्यांच्याकडून घराला लागणारे काही तरी घेऊ लागले: कडी, बिजागरी, खिळे. दुसरे म्हणजे, त्यांच्याही फोनवर फोटो कसे काढावे हे त्यांना शिकवले, कारण नागपूरचे जुन्या वस्तूंचे व्यापारी आता फोनवर फोटो पाहूनच भाव सांगतात, असे त्यांच्याच बोलण्यातून कळले होते. तिरपे ऊन, स्वच्छ गोणपाट, शेजारी नाणे, आणि तळाचा फोटो विसरायचा नाही. विद्यार्थी हुशार निघाला. महिन्याभरात त्यांचे फोटो माझ्यापेक्षा बरे येऊ लागले.

आता नंदीकडे येते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा होतो, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्याकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचा लाकडी बैल, ज्याला सगळे नंदीच म्हणतात, त्याला झूल, घुंगरू, बेगड लावून मुले दोरीने ओढत आधी तोरणाखाली नेतात आणि मग घरोघर फिरवतात. प्रत्येक घरी नंदीची पूजा होते आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, ठेवला जातो. नागपूरकर ही प्रथा भोसल्यांच्या काळापर्यंत मागे नेतात. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि तिथले नंदी मुलांच्याच काय, मोठ्यांच्याही उंचीचे असतात.

श्वेतांबर मंदिरमार्गी घरांत या दिवसाला आणखी एक अर्थ आहे. पर्युषणाच्या आठ दिवसांत याच प्रतिपदेला बहुधा महावीर जन्मवाचन येते. उपाश्रयात कल्पसूत्राचे वाचन होते, त्रिशला मातेची चौदा स्वप्ने चांदीत घडवलेली वरून एकेक करून खाली उतरतात, बोली लागते. पहिले स्वप्न हत्तीचे, दुसरे वृषभाचे. ऋषभदेवांच्या मातेला तर वृषभ सर्वांत आधी दिसला, आणि वृषभच त्यांचे लांछन. हिंगणघाटच्या माझ्या माहेरी त्या दिवशी आम्हा मुलांची फार ओढाताण होई. आत चांदीचा वृषभ, बाहेर गल्लीत लाकडाचे. माझा दादा आमचा नंदी उपाश्रयाच्या दाराशी, काढून ठेवलेल्या पादत्राणांच्या ओळीत उभा करून आत येई. दुसरे स्वप्न उतरून हात जोडून झाले की तो हळूच मागल्या मागे नाहीसा होई. बाबूजी ते पाहत. बोलत नसत.

तो नंदी सागवानाचा, हातभर लांब. गावच्या वाढयाने बाबूजींच्या लहानपणी केलेला. डोळ्यांच्या जागी पितळी खिळे होते. डावे शिंग एकदा मोडले, ते नव्याने बसवताना वाढयाकडे साग नसावा. त्याने बाभळीचे लावले, त्यामुळे एक शिंग नेहमी दुसऱ्याहून गडद दिसे.

यंदा श्रावणात, पोळ्याच्या आधीच्या बाजारात, मी तो गोणपाटावर पाहिला.

ओळखायला क्षणही लागला नाही. पितळी डोळे, एक गडद शिंग. मागचे एक चाक मात्र नव्हते, म्हणून तो थोडा बसल्यासारखा कलला होता. मी भाऊंना विचारले, हा कुठून आला. हिंगणघाटला एक जुने घर पाडले, तिथल्या माळ्यावरचे सामान किलोवर घेतले, असे त्यांनी सांगितले.

ते घर कोणाचे, हे मला त्यांना विचारावे लागले नाही. उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला होता. दादा आता पुण्याला थोरल्या मुलाकडे असतो. हिंगणघाटचे घर धाकटा सांभाळतो, आणि ते पाडून नवे बांधायचे ठरले होते. “भुआ, माळ्यावर बाबांच्या लहानपणापासूनचं सामान आहे. काय करू?” त्याने विचारले. मी म्हणाले, “माझा लेख वाचलास ना? देऊन टाक. कशाला साठवायचं?” त्याने लेख वाचला होता. त्याने माझे ऐकले. आज्ञाधारक मुलगा आहे तो. त्याला बोल लावण्याचा मला काही अधिकार नाही. माळ्यावर काय काय आहे, एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही.

“भाऊ, हा मी घेते,” मी म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

भाऊ जरा गोंधळले. “बाई, याचा विसार घेतला म्या. नागपूरवाल्याले सकाळीच फोटो धाडला, त्यानं लगेच पैसे टाकले. तान्ह्या पोळ्याच्या आंदी पाह्यजे म्हणे त्याले, दुकानात मांडाले.” मी दुप्पट देते म्हणाले. ते मान हलवत म्हणाले, “तसं नाई जमत न बाई. शब्द देल्ला.” आणि मग, माझ्या चेहऱ्याकडे पाहून असेल, अगदी मनापासून म्हणाले, “तुमी फोटो काढा न. तुमी तं काढताच.”

शब्द मोडायला लावण्याइतकी मी अजून घसरले नव्हते, की केवळ धीर झाला नाही, हे मला सांगता येणार नाही. हा नंदी माझ्या माहेरचा आहे, हे मी भाऊंना सांगितलेच नाही. सांगितले असते तर त्यांनी कदाचित विसार परत केला असता, आणि पोळ्याच्या तोंडावर मोठे गिऱ्हाईक गमावले असते. मी खाली बसून सात फोटो काढले. नाणे ठेवायलाही विसरले.

पुण्याच्या जुन्या वस्तूंविषयी बोलताना दिनकर केळकरांचे नाव आल्यावाचून राहत नाही. चष्म्यांच्या दुकानाचे मालक आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, खेळणी जमवीत राहिले. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. वीस हजारांवर वस्तू! शाळेच्या सहलीबरोबर मी ते पाहिले तेव्हा मनात आले होते, की एवढा परिग्रह कशासाठी? आता वाटते, तो प्रश्न मी फार लवकर विचारला. पै पै वेचून जमवलेले सगळेच्या सगळे देऊन टाकणाऱ्या माणसाला परिग्रही म्हणावे की नाही, हे विद्वानांनी ठरवावे. माळ्यावरच्या वस्तूंकडे न पाहताच त्या द्यायला सांगणाऱ्या माझ्यासारखीला अपरिग्रही म्हणता येणार नाही, एवढे मला कळले. जे हातात घेऊन पाहिलेच नाही, ते मी सोडले तरी कसे?

संध्याकाळी सातही फोटो दादाला पाठवले आणि काय झाले तेही लिहिले. रागावेल असे वाटले होते. रात्री त्याचा फोन आला. त्याने बऱ्याच गोष्टी सांगितल्या, ज्या मला ठाऊक नव्हत्या. शिंग मोडले ते त्याच्या हातून नव्हे, बाबूजींच्याच लहानपणी, विहिरीच्या काठावर. वाढयाने त्याचे पैसे घेतले नाहीत, पायलीभर ज्वारी नेली. मी हे सगळे एका जुन्या वहीत लिहून घेत होते. मग तो थांबला आणि त्याने विचारले,

“पोटाखालचा फोटो नाही काढलास?”

मी नव्हता काढला. सगळ्यांना शिकवत फिरणारी मी, त्या दिवशी त्याला उलटा करायचे विसरले होते.

“बाबूजी तिथं लिहीत असत,” दादा म्हणाला. “दर वर्षी नंदी कोणी नेला ते. जिभेनं ओली केली की जांभळी उमटायची ना, त्या पेन्सिलीनं.”

पुढच्या बाजाराला मी गेले तेव्हा नंदी नागपूरला पोचला होता. मी भाऊंना विचारले, त्यांनी व्यापाऱ्याला पाठवलेले फोटो अजून आहेत का. त्यांनी हात पुसले, फोन काढला, आणि अंगठ्याने बराच वेळ मागे मागे जात राहिले: तोट्या, समई, एक शिवणयंत्र, पुन्हा तोट्या. मग नंदी आला. समोरून, बाजूने, मागून. शेजारी पाच रुपयांचे नाणे. आणि चौथा फोटो पोटाखालचा.

“तुमीच सांगतलं होतं न, खालून काढाचा म्हणून,” ते म्हणाले.

अर्धे अक्षर पुसलेले होते. खातेवहीत ओळी लिहाव्या तशा एकाखाली एक ओळी: साल आणि नाव. बाबूजींचे स्वतःचे, मग त्यांच्या धाकट्या भावाचे, मग पुढे ओळीने दादाचे. १९६६ च्या पुढे माझे नाव होते. त्या वर्षी दादाला ताप होता आणि मी आठ वर्षांची होते. नंदी कोणी ओढला हे मला काही केल्या आठवत नव्हते. पुढच्या सालापासून पुन्हा दादा.

भाऊंनी तो फोटो मला पाठवला. मी तिथूनच, बाजारात उभ्या उभ्या, तो दादाला पाठवला. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले. त्याने चष्मा लावून वाचले असावे, कारण एवढेच विचारले होते, की १९६६ चा बोजारा मी त्याला अजून दिलेला नाही, तो कधी देणार.